निरोगी क्रमांक चौदा

२ जानेवारी

चुकीची वही उचललीत. ठेवा खाली. नाही, आधी ठेवा, मग बोला. शेजारीच निळी वही आहे, तिच्यावर लेबलसुद्धा आहे, 'संशोधकाची दैनंदिनी'. ती तुमच्यासाठी. केंद्राच्या आढावा कमिटीने लिहायला सांगितलीय म्हणून लिहितेय. आमच्या प्रकारच्या संशोधनात म्हणे संशोधकाने आपले पूर्वग्रह रोजच्या रोज नोंदवून ठेवायचे असतात, म्हणजे ते संशोधनात शिरत नाहीत. घरातल्या उंदरांना हजेरीपटावर सह्या करायला लावायच्या आणि आता धान्य सुरक्षित आहे म्हणायचं, तसं. ही लाल वही माझी आहे. इथे उंदीर मोकाट आहेत.

तरी वाचताय? बरं. मग ओळख करून घ्या. वय एकतीस, डॉक्टरेट झालेली, आजपासून पोस्टडॉक. सकाळी आईला फोन केला.

"म्हणजे तू डॉक्टर झालीस ना?"

"झाले."

"मग आता?"

"आता त्याच्या पुढचं."

"पुढचं म्हणजे नोकरी?"

"नोकरीच. एक वर्ष पक्कं. पुढची दोन वर्षं सरांनी शिफारस केली तर."

"म्हणजे नोकरी नाही." आईचा निकाल. "आणि पेशंट कसले?"

"डिमेन्शियाचे. पण विसरणारे नाहीत, त्यातले दुर्मिळ प्रकार."

"विसरणारे का नाही घेतलेस? ते भरपूर मिळाले असते."

संशोधनाबद्दल इतका व्यवहारी सल्ला मला पाच वर्षांत कोणी दिला नव्हता.

३ जानेवारी

दुर्मिळ म्हणजे तीन. एकात माणसाचे शब्द जातात. दुसऱ्यात डोळे धडधाकट असून समोरचं दार दिसत नाही. तिसऱ्यात स्मरण शाबूत, पाढे पाठ, वाढदिवस पाठ, पण स्वभाव बदलतो. घरात तोच चेहरा, तेच कपडे आणि आत भलताच माणूस. मी पेशंटांचा अभ्यास करत नाही. त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांचा करते. बायका, नवरे, मुली. ते कसं सांभाळतात, कुठे मोडतात.

त्यासाठी चाळीस प्रश्नांचा फॉर्म आहे. घरच्या माणसाने भरायचा. 'दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खातात का?' कधीच नाही शून्य, रोज तीन. जास्तीत जास्त एकशेवीस. फॉर्म सरांनीच अठरा वर्षांपूर्वी बनवलाय आणि बऱ्याच ठिकाणी तोच वापरतात.

सरांना आज पहिल्यांदा जवळून पाहिलं. वय एकसष्ट, केंद्राचे संस्थापक, पुस्तकांच्या तळटिपांतले सर. चहाच्या वेळी मी बिस्किट अर्धं खाऊन बशीत ठेवलं आणि वहीत काहीतरी टिपायला लागले. सरांनी ते उचलून खाल्लं. काही न बोलता. एवढा मोठा माणूस आणि किती साधा!

निळ्या वहीत: 'केंद्रातलं वातावरण मोकळं आहे.'

१४ जानेवारी

सर रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी कॉरिडॉरला फेरी मारतात आणि भिंतीवरच्या सातही सूचनाफलकांना बोट लावतात. मधे कोणी उभं असेल तर त्याला बाजूला सारून. या वयात एवढी शिस्त!

२९ जानेवारी

ऑफिसातल्या हेडक्लार्कला सगळे शिक्का म्हणतात, तोंडावरसुद्धा. कागदावर शिक्का मारताना तो डोळे मिटतो. आज माझं ओळखपत्र करता करता म्हणाला, "मॅडम, तुम्ही नशीब काढून आलात. चांगल्या दिवसांत आलात."

"म्हणजे?"

"पूर्वी सर एकेक ओळ वाचायचे हो. स्वल्पविराम बदलायचे. एका रजेच्या अर्जाला तीन आठवडे. आता कागद ठेवला की सही. मी एकदा चुकून कपड्याच्या साबणाची जाहिरात ठेवली फायलीत, तिच्यावरही केली." त्याने ड्रॉवर उघडून दाखवली. खरंच. खाली तारीखसुद्धा. "गेल्या वर्षभरात सगळ्यांची कामं झाली. खुर्च्या आल्या, तीन प्रिंटर आले, माझी बदली रद्द झाली. माणूस मोठा झाला की मन मोठं होतं बघा."

१९ फेब्रुवारी

पहिली खरी मुलाखत. गृहस्थ बस चालवायचे, बायकोसाठी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मी त्यांना ड्रायव्हरकाका म्हणते. बायको तिसऱ्या प्रकारातली, स्वभाव बदललेली. पूर्वी ती शेजारच्या मुलांचे गुडघे फुटले तर स्वतः रडायची. आता काकांच्या भावाच्या प्रेताजवळ बसून तिने सगळ्यांदेखत विचारलं, "जेवायला केव्हा आहे?"

काका हे सांगताना रडले. मी टिश्यूंचा डबा पुढे सरकवला. तेवढ्यात दार उघडून सर आत आले, मिनिटभर उभे राहिले, काकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला कंटाळा आला." आणि गेले.

आधी मला धक्का बसला. मग कळलं. आपण रोज इतक्यांची दुःखं ऐकतो, अंतर राखता आलं पाहिजे. सरांनी प्रात्यक्षिक दिलं. निळ्या वहीत तसंच लिहिलं, दोनदा अधोरेखित.

काका मात्र रडायचे थांबले होते आणि दाराकडे बघत होते. म्हणाले, "तुमचे साहेब कायम असेच?"

"फार मोठे तज्ज्ञ आहेत," मी म्हटलं.

"ते दिसलंच," काका म्हणाले.

२७ फेब्रुवारी

सर माझा डबा खातात. नोंद करण्यासारखं आहे म्हणून करते. साडेबाराला येतात, झाकण उघडतात, उभ्या उभ्या संपवतात, जातात. मी घरी ताईजवळ हे जरा अभिमानानेच सांगितलं. मी तिच्याच घरी राहते. ती बालवाडीत शिकवते.

ताई म्हणाली, "माझ्या वर्गात असं करणाऱ्याला मी कोपऱ्यात बसवते."

"अगं, ते प्रोफेसर आहेत."

"मग मोठ्या कोपऱ्यात बसव."

१२ मार्च

निरोगी माणसं मिळत नाहीयेत. पेशंटांच्या घरून साठ फॉर्म आलेत, त्यांची सरासरी सत्तर. आता तुलनेला त्याच वयाची वीस धडधाकट माणसं पाहिजेत, त्यांचे फॉर्म त्यांच्या बायकांनी किंवा नवऱ्यांनी भरायचे. म्हणजे आजारी घर आणि बरं घर यांतला फरक आकड्यात दिसतो. तेरा मिळाले. चौदावा मिळेना. 'तुमचे मिस्टर निरोगी आहेत का?' असं विचारलं की बायका हसतात आणि फोन ठेवतात.

सर म्हणाले, "माझ्या बायकोला दे. माझ्याइतका धडधाकट माणूस कुठे मिळणार तुला?" आणि लगेच टेबलावर बसून तीनशेपासून सात-सात वजा करत शून्याच्या जवळ गेले. एकही चूक नाही. मग जुन्या चाळीस पेशंटांचे फोन नंबर म्हणून दाखवले. शिक्काने टाळ्या वाजवल्या. मीही.

फॉर्म बंद पाकिटात सरांबरोबर पाठवला. वर लिहिलं, निरोगी १४.

२० मार्च

निरोगी १४ परत आला. बेरीज एकोणऐंशी.

बाकी निरोग्यांची सरासरी अकरा आहे. एका बाईने नवऱ्याला सव्वीस दिलेत, पण त्यांचा घराच्या रंगावरून वाद चालू आहे. एकोणऐंशी म्हणजे ड्रायव्हरकाकांच्या बायकोपेक्षा दोन जास्त.

उघड आहे, सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, आकडे उलटे वाचले. शून्य म्हणजे 'रोज' समजल्या. सुशिक्षित लोकच सूचना वाचत नाहीत.

२ एप्रिल

काकूंना केंद्रावर बोलावलं. नगररचना खात्यात नकाशे काढायच्या, आता निवृत्त. बुटक्या, पांढरे केस कापलेले, पर्समध्ये पट्टी आणि तीन टोकदार पेन्सिली. मी अगदी गोड आवाजात समजावलं की तीन म्हणजे रोज आणि शून्य म्हणजे कधीच नाही.

"मला माहीत आहे."

"म्हणजे काकू, आकडा जितका जास्त तितकं वाईट."

"माहीत आहे, अगं. तू परत दे, परत भरते."

समोर बसून भरला. पट्टीने प्रश्नांच्या ओळी झाकत, एकेक प्रश्न. चौऱ्याऐंशी.

जाताना म्हणाल्या, "तुला डबा मिळतो का?"

"कुठला डबा?"

"मी रोज दोन देते त्यांच्याबरोबर. एक त्यांचा, एक तुझा. म्हटलं तुझा खातात, तर निदान तुला उपाशी बसायला नको."

मला जरा लाजल्यासारखं झालं. सर तीन डबे खातात! तब्येत किती उत्तम.

३ एप्रिल

विचार केला. आकडे उलटे नाहीत. मग एकच उरतं, राग. तेहेतीस वर्षांचा संसार, नवरा कायम कामात, बायकोला फॉर्म मिळाला, काढला सगळा राग. मानवी आहे. पण विज्ञानात बसत नाही.

८ एप्रिल

सरांना भीत भीत सांगितलं की चौदा क्रमांकाचं उत्तर बाकीच्यांपासून फार लांब पडतंय, वगळावं का? कोणाचं ते बोलले नाही, पण त्यांना कळलं. पोट धरून हसले. "बायको मला वेडा समजते! बायको मला वेडा समजते!" कॉरिडॉरभर सांगत सुटले. सातही फलकांना सांगितलं म्हणायला हरकत नाही. मग वगळण्याच्या कागदावर सही केली.

मी फेकलेला नाही फॉर्म. बाजूला ठेवलाय. यात फरक आहे. उरलेले सहा निरोगी एव्हाना मिळालेत, म्हणून अहवालात 'वीस' खोडून 'एकोणीस' केलं, वर फुली मारली, खाली बारीक अक्षरात: 'एक फॉर्म वगळला. उत्तर देणारीचा प्रश्नांबाबत गैरसमज.'

आलेख आता काय देखणा दिसतोय. दोन डोंगर, मधे स्वच्छ दरी.

११ जून

मुदतवाढीचं पत्र! दोन वर्षं! मीच टाइप केलं, मीच पुढे ठेवलं, सरांनी सही केली. वाचलं नाही. एवढा विश्वास. शिक्काने डोळे मिटून शिक्का मारला. आता फक्त ऑक्टोबरात आढावा कमिटीने होय म्हणायचं.

आईला फोन केला.

"म्हणजे आता नोकरी?"

"आता नोकरी."

"वाचून सही केली ना त्यांनी?" आई कायम भलतंच विचारते.

१७ जुलै

घरच्या लोकांची बैठक होती. ड्रायव्हरकाका बायकोला घेऊन आले, घरी ठेवायला कोणी नव्हतं. टेबलाच्या मधोमध बिस्किटांची ताटली. एका बाजूने काकांच्या बायकोचा हात, दुसऱ्या बाजूने सरांचा. पाच मिनिटांत ताटली रिकामी आणि शेवटचं बिस्किट दोघांच्या बोटांत. दोघंही सोडेनात, दोघांच्याही चेहऱ्यावर काही नाही. बाकीचे घरचे लोक खाली बघायला लागले. मी काय करावं ते न सुचून टाळ्या वाजवल्या.

काका उठले. पिशवीतून स्वतःचा पुडा काढला, बिस्किटांचे बारीक बारीक तुकडे केले, दोन बशांत वाटले. एक बशी बायकोपुढे. दुसरी सरांपुढे. सरांची खुर्ची हलकेच खिडकीकडे वळवली, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सावकाश, साहेब. कोणी घेत नाही." सर अर्धा तास एकेक तुकडा खात शांत बसले.

कौतुक वाटलं. वरिष्ठांशी कसं वागावं हे या माणसाकडून शिकण्यासारखं आहे. काय ती सहजता!

जाताना काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, साहेबांच्या घरी कोण असतं?"

"काकू असतात. का?"

"एकट्या?" एवढंच विचारून गेले.

१८ जुलै

झोप झाली नाही नीट. कारण काही नाही.

२२ जुलै

ताईला बिस्किटांची गोष्ट नक्कल करून सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "मग तू कशाचं संशोधन करतेस म्हणालीस?"

मी म्हटलं, तुला नाही कळायचं, तू बालवाडीत शिकवतेस.

३० ऑगस्ट

अहवाल पूर्ण. एकशे बारा पानं. फुलीसकट.

९ सप्टेंबर

टपालाने जाड पाकीट आलं. निरोगी १४, तिसऱ्यांदा. कोणी मागितला नव्हता. समासात प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने तारखा आणि नोंदी, नकाशावर गावांची नावं लिहितात तशा बारीक सुबक अक्षरात. शेवटचा प्रश्न, चाळिसावा, 'घरात काही बदल करावे लागले का?' याच्यापुढे लिहिलंय 'सोबत जोडला आहे'. जोडलाय घराचा नकाशा. प्रमाण एकास पन्नास. उत्तर दिशेचा बाण.

निळ्या वहीत लिहिलं: 'उत्तर देणारीने घराचा आराखडा जोडला आहे. बहुधा छंद.'

पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं.

१० सप्टेंबर

काढलं परत. वाचलं.

प्रश्न ८, ठरावीक गोष्टी ठरावीक वेळी करतात का: 'अकरा दहा. केंद्रात सात फलक. घरी, रविवारी, सात दारं. आम्हाला सहाच दारं आहेत, म्हणून शेजाऱ्यांचं एक.'

प्रश्न १७, दुसऱ्याचं अन्न: 'नवीन मुलीचा डबा. ती काही बोलत नाही. तिला वाटतं हा मान आहे.'

प्रश्न २३, समोरचा दुःखात असताना कंटाळा आल्याचं बोलून दाखवतात का: 'चार मे, माझी आई गेली तेव्हा. मी फोन खाली ठेवायच्या आत.'

नकाशा: स्वयंपाकघरात एक फुली, 'साखर, कुलपात'. दिवाणखान्यात, 'गाडीची किल्ली, घड्याळाच्या मागे'. पुढच्या दाराला, 'कडी वर लावून घेतली, एप्रिल'. मागच्या बाजूची सगळ्यात लहान खोली, साडेसहा बाय आठ, तिथे एक छोटं वर्तुळ. शेजारी लिहिलंय 'मी'.

बेरीज केली नाही या वेळी.

१२ सप्टेंबर

सरांच्या घरी गेले. सर केंद्रात होते, अकरा वाजले होते, म्हणजे अजून दहा मिनिटांनी फलकांपाशी. काकूंनी दार उघडलं, कडी वरची काढून.

"विचारायला आलीस की समजवायला?"

"काकू, तुम्ही डॉक्टरांकडे का नाही नेलंत?"

"तीन जणांकडे नेलं. तिघंही त्यांचेच विद्यार्थी. एकाने खुर्चीवरून उठून नमस्कार केला. तपासणीचे प्रश्न यांनीच तयार केलेले, ते सगळे पाठ. तपासणाऱ्याच्याच चुका सुधारून आले. बाहेर मला डॉक्टर काय म्हणाला माहितीय? म्हणाला, बाई, तुम्हीच थोडी विश्रांती घ्या."

काकूंनी माझ्यापुढे पाणी ठेवलं.

"मग फॉर्म आला. म्हटलं बरं झालं. फॉर्मवर नाव नसतं, नंबर असतो. मोठ्या माणसाची बायको म्हणून नाही, नंबर म्हणून तरी वाचतील. तुम्ही लोक फॉर्म वाचता ना गं?"

"वाचतो," मी म्हटलं. "बेरीज करतो."

"कितीदा भरला मी?"

"तीनदा."

"आणि तुमच्या अहवालात मी कुठेय?"

फुलीबद्दल सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. म्हटलं, "तळटिपेत."

काकू हसल्या. खरंच हसल्या. "तेही नेहमी तिथेच असायचे म्हणे."

निघताना त्यांनी मला डबा दिला. माझ्या हातात, थेट.

१३ सप्टेंबर

आता स्वच्छ हिशोब मांडू, उंदीर मोकाट सोडून. सर आजारी आहेत असं मी म्हटलं, तर गेल्या वर्षभरातली प्रत्येक सही संशयात. तीन प्रिंटर, शिक्काची बदली, आणि अकरा जूनचं एक पत्र. माझं. नाही म्हटलं, तर अहवाल देखणा, दरी स्वच्छ, दोन वर्षं पक्की. काकू साडेसहा बाय आठमध्ये.

आणि मी डॉक्टर नाही. म्हणजे आहे, पण आई म्हणते तशी नाही. निदान करणं माझं काम नाही. हे वाक्य मी आज सात वेळा म्हटलं. फलकांइतकं.

१५ सप्टेंबर

शिक्काला सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर बदललेत असं नाही वाटत?"

त्याने साबणाच्या जाहिरातीचा ड्रॉवर पायाने बंद केला. "मॅडम, सगळं सुरळीत चाललंय. कशाला?"

त्यालाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे बहुतेक. दुर्मिळ आजार, आणि अख्ख्या मजल्याला सोयीचा.

१९ सप्टेंबर

खालच्या कपाटात प्रश्न २३ कुठून आला ते शोधत होते. अठरा वर्षांपूर्वीची फाइल सापडली. सरांचं अक्षर, तेव्हाचं, स्वल्पविरामांसकट. मुलाखत घेणाऱ्यांसाठी सूचना:

'घरच्यांना घाई करू नये. पाणी विचारावं. रडू लागल्यास गप्प बसावं, घड्याळाकडे बघू नये. आज एक बाई म्हणाल्या, हे बदललेत ते मी कोणाला पटवू शकत नाही, कारण बाहेर ते छान बोलतात. हा फॉर्म त्या बाईंसाठी आहे. त्यामुळे नियम एक: घरच्या माणसाचा आकडा फार मोठा आला म्हणून वगळू नये. फार मोठा आला तर त्यांच्या घरी जावं.'

फाइल घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, सर, हे आठवतं? त्यांनी न बघता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. मग माझ्या हातातली फाइल घेतली आणि तिच्यावर सही केली.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पाणी कोणी विचारलं नाही. बरोबरच आहे, सूचना कपाटात होत्या.

२ ऑक्टोबर

आढावा कमिटीचं पत्र. आठ तारखेला. अहवाल सादर करावा, सोबत संशोधकाची दैनंदिनी तपासणीसाठी जमा करावी.

५ ऑक्टोबर

निळी वही सलग वाचून काढली. 'वातावरण मोकळं.' 'प्रात्यक्षिक.' 'बहुधा छंद.' दहा महिन्यांत एकही पूर्वग्रह नाही. इतकी निरोगी वही मी पाहिलेली नाही.

ताईला सगळं सांगितलं. वाटलं रागावेल, किंवा मिठी मारेल. म्हणाली, "मग जा आणि सांग. उगीच कोपऱ्यात काय बसलीस?"

८ ऑक्टोबर, बैठकीची खोली, दहा वाजून पन्नास

कमिटीचे पाच लोक शेजारच्या खोलीत चहा घेतायत. त्यांच्या अध्यक्षांनी मघाशी माझा खांदा थोपटला, "आलेख फारच स्वच्छ आहे." सर टेबलाच्या टोकाला बसलेत. त्यांना बिस्किटांची ताटली दिसलीय.

अहवालाच्या पाचही प्रतींमध्ये फुली आणि तळटीप खोडली. 'एकोणीस'च्या जागी पुन्हा 'वीस' लिहिलं, पेनने, शिक्काच्या टेबलावर, त्याच्याच पेनने. त्याने बघितलं आणि डोळे मिटले. आलेख आता तितका स्वच्छ नाही. निरोग्यांतला एक ठिपका दरी ओलांडून उभा आहे, एकटाच, पेशंटांच्या डोंगरावर.

आता तुम्ही. हो, कमिटी, तुम्हीच. पहिल्या पानावर मी तुम्हाला ही वही ठेवून द्या म्हटलं होतं. आता नका ठेवू. निळी माझ्या पिशवीत आहे, ती मिळणार नाही, तिच्यात काहीही नाही. ही लालच वाचा. काकूंचे तिन्ही फॉर्म शेवटच्या पानाला पिनेने लावलेत, नकाशासुद्धा, घडीवरून फाटेल, जपून उघडा. सरांचा नियम एक त्याच्या वर लावलाय. खाली सही दोनदा आहे, एक अठरा वर्षांपूर्वीची, एक गेल्या महिन्यातली. जवळ जवळ ठेवून बघा. माझ्या मुदतवाढीवरची त्यातल्या दुसरीच्या, गेल्या महिन्यातलीच्या, जातीची आहे. तिचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचारू नका.

प्रश्न असतील तर काकू बाहेर बाकावर बसल्यात. पट्टी घेऊन आल्यात. त्या पुन्हा फॉर्म भरणार नाहीत, आता तुम्ही वाचायचा. ड्रायव्हरकाका त्यांच्या शेजारी आहेत, मी बोलावलं. ते फक्त बसणार आहेत, त्यांना ते येतं.

अकराला आठ कमी. सरांनी माझ्याकडे बघून हात पुढे केला, बिस्किटासाठी. अकरा दहाला ते उठतील. कॉरिडॉरमध्ये त्यांना अडवू नका, बाजूला व्हा. आणि ताटली त्यांच्यासमोर अशी पूर्ण ठेवू नका. तुकडे करा. बारीक करा. खुर्ची खिडकीकडे वळवा आणि सांगा, सावकाश, कोणी घेत नाही.

दाराशी पावलं वाजतायत तुमची. मी मागच्या दाराने निघाले.